विचारलं म्हणून सांगितलं

बाई,

आमच्या कचेरीत हल्ली माणसांना बोलते करण्यासाठी बाहेरून माणसे नेमतात. त्यांना कोच म्हणतात. तुम्ही असता तर विचारले असते, "कोच? म्हणजे कबड्डीचा?" आणि मी नेहमीप्रमाणे उत्तर देताना अडखळले असते. कबड्डीचा नव्हे, हा कोच अधिकाऱ्यांसाठी असतो. तो काही शिकवत नाही, आणि शिकवत नाही हे अभिमानाने सांगतो. तो फक्त प्रश्न विचारतो, आणि उत्तर समोरच्या माणसातच दडलेले आहे असे म्हणतो. आम्हांला बीजगणित शिकवताना, उत्तर आमच्यातच दडलेले आहे असे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. आमच्यात काय दडले आहे याविषयी तुमचे मत फारसे बरे नव्हते.

मला कोच मिळाला तो बक्षीस म्हणून. आमचे साहेब माझ्याहून चार वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "काम टॉप आहे यार तुझं. पण तू मीटिंगमध्ये बसलीयेस हे कोणाला कळतच नाही." आम्ही विम्याच्या दाव्यांची छाननी करतो. माणूस रुग्णालयातून घरी जातो, त्याची कागदपत्रे आमच्याकडे येतात, आणि ती बरोबर आहेत की नाहीत हे पाच जणांचा आमचा विभाग ठरवतो. या कामात आपण बसलेले इतरांना कळावे लागते असे मला कधी वाटले नव्हते. पण विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती, आणि ती हवी असेल तर आधी सहा महिने, दर गुरुवारी दुपारी तीन वाजता, कोचसमोर बसावे लागणार होते. मला ती जागा हवी होती. हे तुमच्यापासून कशाला लपवू?

पहिल्या भेटीत दोघांचे जुळते की नाही ते पाहतात. आपल्याकडे मुलगी पाहायला येतात, तसाच हा प्रकार. फक्त पोहे नसतात, आणि नकार देण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना आहे असे छापील कागदावर लिहिलेले असते. माझी कोच पंचावन्नच्या आसपासची. रुपेरी केस मुद्दाम न रंगवलेले, अंगावर दादरला हिंदमातेच्या कुठल्याही दुकानात मिळणार नाही अशी हातमागाची साडी. ती इतकी साधी दिसत होती की तो साधेपणा जमवायला तिला बराच वेळ लागला असावा. तिने इंग्रजीत विचारले, मला या सहा महिन्यांतून काय हवे आहे. मी घरून पाठ करून आणलेली तीन वाक्ये म्हटली. चौथे वाक्य नव्हते. तेव्हा ती पुढे झुकली आणि तिने आवाज खाली आणला. "अगं, आपण मराठीत बोलूया की! तू परळची ना? माझं माहेर गिरगावातलं."

बाई, मी तिथेच हरले. प्रभादेवीच्या त्या अकराव्या मजल्यावर सहा वर्षांत माझ्याशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीत बोलणारे एकच माणूस होते, ते म्हणजे आमच्या विभागातले काका. इतर मराठी माणसांचे मराठी "अरे सुन ना" पासून सुरू होते आणि "चल बाय"ला संपते. आणि इथे ही बाई, जिचे इंग्रजी ऐकून साहेबसुद्धा सावरून बसतात, मला "अगं" म्हणत होती. "मला नुसतं नावाने हाक मार हं, मॅडम-बिडम नको," ती म्हणाली. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणे मला जमेना, म्हणून मी तिला सहा महिने कशानेच हाक मारली नाही. "या खोलीत बोललेलं या खोलीतच राहतं," असेही ती म्हणाली. खोलीच्या चारही भिंती काचेच्या होत्या. मी हुशार समजली जाते, तरी हे माझ्या लक्षात आले नाही.

विश्वास संपादन करण्याची तिची एक ठरलेली रीत आहे. ती मला फार उशिरा ओळखू आली. आपण वाक्य संपवले की त्यातले शेवटचे दोन शब्द ती प्रश्नासारखे परत म्हणते. "कंटाळा येतो?" "एकटं वाटतं?" मग थांबते. मनात सातपर्यंत मोजत असावी, कारण थांबणे दर वेळी तेवढेच असते. दर तिसऱ्या भेटीला ती स्वतःची एखादी बारीकशी चूक सांगते, अशी की जिने तिची किंमत कमी होणार नाही. आपल्या शाळेसमोरचा बर्फाचा गोळेवालाही गिऱ्हाईक बांधून ठेवत असे, पण तो निदान सरबत जास्त घाली.

तिने एकदा घरी भरायला प्रश्नपत्रिका दिली. अकरा प्रश्न होते. तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलीने काय करावे? पाचवीपासून दहावीपर्यंत तुम्ही आमच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकलीत, की पेपरातला एकही प्रश्न सोडायचा नाही, येत नसेल तरी पायऱ्या मांडायच्या. मी दोन रविवार घालवले आणि आठ पाने लिहिली, समास सोडून. पाने पाहून ती हसली. "अगं, लोक यात दोन-दोन ओळी लिहितात!" आणि मला, तिशीच्या बाईला, पहिला नंबर आल्यासारखे वाटले. ते आठवले की आजही मला स्वतःची किळस येते.

सातवा प्रश्न असा होता, की कामाच्या जागी तुम्ही करता पण कुणाला सांगितलेली नाही अशी गोष्ट कोणती. मी काकांविषयी लिहिले. काका लालबागचे. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. मधुमेहाने त्यांची दृष्टी इतकी अधू झाली आहे की तीन आणि आठ त्यांना सारखेच दिसतात. मी नवीन असताना या मजल्यावर जेवायला कुठे बसायचे हेही मला कुणी सांगितले नव्हते, तेव्हा हे आपला डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. "काय गो, जेवलंस? सरक, माका बसाक जागा दी." त्यांच्या डब्यातले तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ले. गेली दोन वर्षे संध्याकाळी ते निघाले की त्यांची प्रकरणे मी पहिल्यापासून तपासत असे आणि चुका दुरुस्त करून वर पाठवत असे. एकाही रुग्णाचा दावा त्यांच्यामुळे अडला नाही. हे सगळे मी लिहिले. नाव लिहिले नाही, तेवढी अक्कल होती. कोचने ते वाचून माझ्या हातावर हात ठेवला. "किती ओझं वाहतेस गं," ती म्हणाली, आणि मला रडू आले.

चौथ्या महिन्यात तिघांची बैठक असते: साहेब, कोच आणि मी. प्रगती कशी आहे ते साहेबांना कळावे म्हणून. कोचने छान इंग्रजीत सांगितले की माझ्यात खूप गुण आहेत, पण दुसऱ्यांची कामे स्वतःच्या अंगावर घेण्याची एक सवय माझ्या वाढीच्या आड येते आहे. साहेब माझ्याकडे वळले. "दुसऱ्यांची? कोणाची कामं करतेस तू?" कोचने माझ्याकडे पाहिले, तेच ते पाहणे, तोच तो थांबा. "बोल ना, अगं. इथे सगळे तुझेच आहेत." मी मोजले नाही, पण सातच्या आत मी म्हणाले, "काकांची." आणि मग साहेबांनी विचारले, कधीपासून, तेही सांगितले. किती प्रकरणे, तेही. साहेबांनी लिहून घेतले नाही. त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे.

नववीतली ती दुपार तुमच्या लक्षात राहिली नसेल. सहामाहीचे पेपर तपासून झालेले, शिक्षकखोलीत तुम्ही एकट्या, डब्यातल्या भेंडीतली मिरची वेचून झाकणावर ठेवताय. मी दारात उभी. तुम्ही वर न पाहता विचारता, "तुझ्या बाकावरच्या मुलीने तुझं बघून लिहिलं का?" मी म्हणते, "हो, बाई." "किती?" "तीन प्रश्न. दुसरा, चौथा आणि सहाव्यातला ब." तुम्ही डब्याचे झाकण लावता, तसेच, मिरच्यांसकट. "मी विचारलं म्हणून सांगितलंस?" "हो, बाई." "उद्या कुणी विचारलं, तुझ्या आईच्या कपाटात काय काय आहे, तर तेही सांगशील. प्रश्नक्रमांकासकट. जा."

त्या मुलीचे गुण तुम्ही कापले नाहीत. तिला बोलावलेही नाही. पुढे महिनाभर तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत, आणि मी घरी ताप आल्याचे सांगून दोन दिवस शाळा बुडवली. मला कळेना की माझी चूक काय. आज कळते, आणि तुमचा रागही येतो. सहा वर्षे एकही प्रश्न सोडू नकोस म्हणून शिकवायचे, आणि उत्तर न देण्याची विद्या एका दुपारी, डबा खाता खाता, तीन वाक्यांत उरकायची? शिवाय प्रश्न तुम्हीच विचारला होतात. तुमच्यात आणि हातमागाच्या साडीत फरक एवढाच, की तुम्ही ऐकलेले गिळून टाकलेत. तो फरक लहान नाही, हे मान्य करते. पण तुम्ही मला कधी "अगं" म्हणाला नाहीत.

काकांना महिन्याभरात जावे लागले. कुणी त्यांना काढले नाही. आमच्याकडे काढत नाहीत. त्यांची प्रकरणे आठ दिवस परस्पर साहेबांकडे मागवली गेली, आणि मग त्यांच्यापुढे स्वेच्छेने निवृत्त होण्याचा कागद ठेवला. निरोपाला केक, वेफर आणि साहेबांचे भाषण. साहेब काकांना "लेजंड" म्हणाले. सगळे पांगल्यावर काका लिफ्टपाशी माझ्यासाठी थांबले होते. म्हणाले, "तू होतंस म्हणान दोन वर्सां काढलंय, गो." मी म्हणाले, "मी काय केलं, काका?" "माका ठाऊक नाय, असा वाटला तुका? आंधळो झालंय, पण इतको न्हय." ते हसले. मग लिफ्ट येईपर्यंत त्यांनी विचारले, "पण हेंका कळला कसा?"

मी म्हणाले, "काय माहीत, काका."

त्यांनी मान हलवली. लिफ्ट आली.

पुढच्या गुरुवारी मी कोचला जाब विचारायचा ठरवला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला जाब विचारला, आणि तोही वहीत आधी लिहून. "ते मी तुम्हांला सांगितलं होतं. खोलीत." ती जराही गडबडली नाही. "अगं, मी नाव कुठे घेतलं? मी फक्त सवय सांगितली. नाव तू घेतलंस." हे खरे होते. पाच जणांच्या विभागात, ज्यातले चौघे तिशीच्या आतबाहेरचे, नाव घ्यायची गरज नव्हती, हेही खरे होते. पण ते मला जिन्यात सुचले. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "तुला अपराधी वाटतंय?"

आणि मी सांगितले. लिफ्टपाशी काकांना काय म्हणाले ते, तुमच्या डब्यातली भेंडी, शाळा बुडवलेले ते दोन दिवस, सगळे. चाळीस मिनिटे मी एकटी बोलत होते. जिने माझे बोलणे वर पोहोचवले तिच्याचसमोर. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला, आणि मी तो प्याले. बाहेर पडताना मला हलके वाटत होते. या लोकांचा मी कितीही तिरस्कार केला, तरी त्या हलकेपणापाशी येऊन अडखळते. हे सगळे ज्या माणसाला सांगायला हवे, त्याला सांगितले असते तर मला हलके वाटले नसते, याची मला खात्री आहे.

विभागप्रमुखाची जागा मला मिळाली. मी ती घेतली. काकांच्या जागी आलेल्या मुलीची दृष्टी उत्तम आहे, आणि ती माझ्याशी इंग्रजीत बोलते.

तुमचा गिरगावातला पत्ता मला अजून पाठ आहे. तिथे आता दुसरे कुणी राहते, आणि हे पत्र मी त्यांच्या दारात टाकणार नाही. ज्याने ते वाचायला हवे तो माणूस माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर राहतो. त्याच्यासाठी ते मोठ्या अक्षरांत लिहावे लागेल. दोनदा मी काकांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि काहीतरी विकत घ्यायचे असल्यासारखी परत आले.

नव्या विभागप्रमुखाला कचेरी आणखी सहा महिने कोच देते. नको असेल तर नकार कळवायचा असतो. त्यासाठी एक ओळ पुरते. ती ओळ लिहायची मुदत काल संपली. मी ती लिहिली नाही.