सगळं खाणारं यंत्र

ता. ९, बुधवार, दुपारी

विहीणबाईंना नमस्कार,

तुमचं पत्र पोचलं. तेवीस वर्षांतलं पहिलं! तीनदा वाचलं. एकदा मनात, दोनदा आमच्या चिंध्यांच्या शेडमधल्या बायकांना ऐकवून. रागावू नका, एवढा आनंद एकटीला पचेना.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. शेजारचा शिंपी आता ठार बहिरा झालाय, त्यामुळे भांडणाची मजा गेली. अक्षर लागत नसेल तर सुनेकडून, म्हणजे माझ्या लेकीकडून, वाचून घ्या. दुसरीतच माझा हात पाटीवरून उठला तो चिंध्यांत पडला, हे तुम्ही साऱ्या गावाला सांगून झालेलंच आहे.

तर तुमच्या अंगणात बारा ट्रक जुने कपडे उतरलेत, फाटक लागत नाही, चिंध्या पिंजायचं यंत्र दोनदा अडकलं. वाचून कसं गार वाटलं, खोटं कशाला बोलू!

पण पुढे लिहिलंत की नातीच्या यादीनं घात केला. ते नाही हं चालायचं. आपली चष्मेवाली त्या कचेरीत काय करते? कुणाकडे किती चिंध्या पडतात आणि कुठली गिरणी कसल्या नि किती खाते, ते विचारून जोड्या लावते. स्थळं जुळवल्यासारखंच. तिच्या कागदावर ‘कसलं कापड घेता’ असा रकाना होता. तुम्ही भरलंत, ‘सगळं.’ निव्वळ सुती लिहायला कमीपणा वाटला. मुलाच्या लग्नाच्या वेळीही ‘त्याला सगळं येतं’ म्हणाला होतात. अजून चहा करता येत नाही त्याला!

मग पोरीला शंका आली. मला विचारायला आली होती. मी काय सांगणार, मी अडाणी.

आमच्याकडे नऊ बायका आहेत. कापड बोटांना कळतं. नाहीच कळलं तर धागा ओढून काडी लावायची. सुती जळून राख होतं, नायलॉन वितळून त्याची गोळी होते. बटणं, चेन, शिवणीचा धागा, सगळं काढावं लागतं. तुम्ही एकदा या ना बघायला. नाही, थांबा, तुम्ही नका येऊ. त्याचं पुढे लिहिते.

नात आठ दिवसांची होती, आठवतं? मी गोधडी घेऊन तुमच्या गिरणीच्या दारात आले होते. तुम्ही दोन बोटांत धरलीत आणि म्हणालात, “चिंध्याच ना? मग जागच्या जागी जाऊ द्या.” यंत्राच्या पट्ट्यावर टाकलीत. लोक हसले. माझी लेक खाली बघत राहिली.

त्या गोधडीच्या पोटात मी आमच्या ह्यांच्या छत्रीचं कापड शिवलं होतं. ओल झिरपू नये म्हणून. हे तेव्हा नुकतेच गेले होते. ते कापड यंत्राला गुंडाळलं गेलं आणि यंत्र थांबलं. तुमचा मिस्त्री सुरीनं कापून कापून दमला. मी फाटकाबाहेर उभी राहून सगळं बघितलं आणि मग बस धरली.

म्हणजे मला ठाऊक होतं, विहीणबाई.

पोरगी म्हणाली, “आजी, तिकडच्या आजीचं यंत्र खरंच सगळं खातं?” मी म्हणाले, “खातं की! गोधडीसुद्धा खातं, मी डोळ्यांनी पाहिलंय.” तिनं लिहून घेतलं.

झोप काय छान लागली त्या दिवशी!

पण काल ती आली ती चष्मा काढूनच. साहेब म्हणतात, यादी चुकली, नोकरी जाईल. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तेही माझ्याच! पोरीवर शेकेल हे मला सुचलंच नव्हतं.

ढीग निवडायला तुम्ही माझ्या बायका मागितल्यात. देते. सोमवारी दहाजणी येतो. पण त्याआधी तुमच्या सहीचं पत्र त्या कचेरीत गेलं पाहिजे, की रकाना तुम्हीच चुकीचा भरलात. मी काय केलं ते पोरीला आज संध्याकाळी सांगणार आहे. बोलणं टाकलं तिनं तर टाकू दे.

आणि सोमवारी तुमच्याच अंगणात, तुमच्याच माणसांसमोर, तुम्ही माझ्या शेजारी पाटावर बसायचं. चेन उसवायच्या, बटणं तोडायची. चुकलात तर काडी लावून दाखवीन. हसतील लोक. हसू दे. मीही हसणार आहे.

सुती तुमच्या यंत्राला, लोकरी नदीपलीकडच्या गिरणीला. ढिगात छत्र्याही निघतील, त्यांचं कापड मात्र कुणीच खात नाही. ते बाजूला काढा आणि मला द्या, तुमच्या हातानं.

तुमच्या यंत्राला न पचलेली,
तुमची विहीण