सागरच्या नावाने वर चढलेला

मंगळवार, दिवेलागणीला

परांची बांधण्याचं सर्टिफिकेट मिळाल्यापासून आमचा सागर साइटवर झेरॉक्स देत फिरतोय. आज वाकडच्या टॉवरवर काम मागायला गेला, तर नाव ऐकून सुपरवायझर हसला. "मस्करी करतो का भावा? सागर तर सकाळपासून वर आहे. तो बघ."

याच्या झेरॉक्सवर कुणी दुसराच चढलाय! सागरने खालून स्वतःच्याच नावाने हाक मारली, तर त्याने हात हलवला. हात हलवला म्हणे, अगदी ओ दिल्यासारखा. कोणाचा पोरगा असेल? शिकलाय तरी का?

"आई, त्याचा सेफ्टीचा पट्टा कशालाच अडकवलेला नव्हता. मी सांगितलं, तर सुपरवायझर म्हणाला, उद्या बघू."

देवापुढे बसले, पण सागरला सांभाळ म्हणताना जीभ अडली. त्यालाही सांभाळ रे. झेरॉक्सवर सागरने नंबर माझा लिहिलाय. 'तुमचा सागर पडला' म्हणून फोन मलाच येईल.