चाळीस मिनिटांचा ठिपका

प्रिय विनिफ्रेडवन्सं,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही कपाटातच ठेवला असणार, म्हणून त्याची चौकशी करत नाही. मी ठीक आहे. हे पत्र तीन खुर्च्या बदलून लिहितेय (चौथी ओसरीवर आहे, तिकडेही जाईन), तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर दोष खुर्च्यांचा. एल्विन गेल्यापासून तीन वर्षं असंच चाललंय. बसले की उठावंसं वाटतं. कॉफी उभ्यानं पिते, चर्चमध्ये दाराजवळचं बाक धरते. दोन तास सलग बसता येईल अशी एकच जागा उरली आहे: वर तळ्याकाठी, तुमचे भाऊ गळ टाकून बसायचे तो खडक.

शेरिफची पोलीसगाडी आमच्या दारात आल्याचं तुमच्या कानावर गेलंच असेल. ते खरं आहे. बाकीचं असं.

ग्रँटनं (तुमचा भाचा आता पक्का बॉइझीकर झालाय) मला उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र आणून दिलं. साबणाच्या वडीएवढं. डोंगरात फोन लागत नाही, पण हे यंत्र दर दहा मिनिटांनी मी कुठे आहे ते वर कळवतं, आणि बॉइझीच्या ऑफिसात ग्रँटच्या नकाशावर एक ठिपका सरकतो. अट एकच. ठिपका चाळीस मिनिटं जागचा हलला नाही, की तो शेरिफला फोन करणार. आता वन्सं, मी डोंगरात जाते ती मुळात बसायला.

शिवाय फोनमधल्या नकाशावर जायची वाट आधी आखून ठेवायची. ती मी ओट्याशी उभी राहून बोटानं आखली. बोट जाड, नकाशा बारीक. निम्म्या चढावर यंत्र वाजलं: ‘आई, तू रेषेच्या बाहेर गेली आहेस.’ मी कळवलं, ‘रेष तळ्यातून जाते.’ उंच झाडांखाली निरोप अडकतो, त्यामुळे माझं उत्तर पोचायच्या आत त्याचे आणखी तीन आले. शेवटचा होता, ‘आई, प्लीज रेषेवर ये.’

खडकावर पोचले तेव्हा अकरा वाजले होते. गळ टाकला. पस्तीस मिनिटांनी उठले, देवदारापर्यंत जाऊन आले, पुन्हा बसले. पुन्हा उठले. असं तीनदा झालं. घरी करते तेच मी सहा मैल चढून येऊन करत होते. चौथ्यांदा उठले तेव्हा समोर डीकन चरत होता. (आमचं खेचर. एल्विननं त्याचं नाव चर्चच्या कारभाऱ्यावरून ठेवलं होतं. चेहरा तसाच आहे.) चरता चरता तो इकडून तिकडे हलत होता, थेट ठिपक्यासारखा. मी यंत्र त्याच्या खोगिराला अडकवलं. पायबंद काढून घेतला, कारण बांधून ठेवला तर ठिपका हलणार कसा? मग मी बसले. वन्सं, मी खरंच बसले. मासा लागला नाही. काही म्हणजे काही झालं नाही. तीन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

उठून वळले तर डीकन नाही. दुपारच्या चाऱ्याची वेळ त्याला माझ्यापेक्षा नीट कळते. मग मी गळ खांद्यावर टाकून चालत निघाले. बॉइझीत मात्र आनंद होता. ‘आई, या वयात ताशी चार मैल! शाब्बास!’ (हे मी नंतर वाचलं. तेव्हा ते डीकनला मिळालं.) मग ठिपका रस्त्यावर आला, घरी आला, आणि थांबला. ‘आई, तू तबेल्यात काय करतेयस?’ चाळीस मिनिटांनी, ‘आई, उत्तर दे.’ एक्केचाळिसाव्या मिनिटाला शेरिफला फोन. डेप्युटी कोलबी (मी त्याला चौथीत भागाकार शिकवलाय, अजून कच्चा आहे) तबेल्यात गेला आणि त्यानं ग्रँटला कळवलं, ‘साहेब, ठिपका सापडला. गवत खातोय. बाई नाहीत.’

मी कोलबीला रस्त्यातच भेटले. “बाई, तुम्ही हरवलात ना?” “मी तुला हरवलेली दिसतेय का रे?” “तसं नाही बाई, पण कागदावर हरवलाय तुम्ही.” त्यानं गाडीचं दार उघडलं. मी चालतच घरी गेले.

ग्रँट दुसऱ्या दिवशी आला. ओरडला नाही, हेच वाईट. यंत्रावर संपर्क म्हणून त्याचं नाव आहे, ते काढणार म्हणाला. संपर्काशिवाय यंत्र नाही, यंत्राशिवाय डोंगर नाही. रविवारी डीकनला विकायला नेणार, आणि मला बॉइझीला. तिथल्या मागच्या खोलीत त्यानं खुर्ची घेऊन ठेवली आहे. बटण दाबलं की पाय आपोआप वर येतात. मागे गेले होते तेव्हा मी पाहिली. छान आहे. मी पाच मिनिटांत उठले.

असो. पट्टा बांधा.

तुमची,
लोरेटा

ता. क. घरातल्या कुणी वडीलधाऱ्या माणसानं संपर्काची जबाबदारी घेतली तर आपली हरकत नाही, असं ग्रँट जाता जाता म्हणाला. तुम्ही टॅब्लेटवर पत्ते खेळताच. त्यावरच ठिपका दिसतो. करायचं काहीच नाही. चाळीस मिनिटं झाली तरी काहीच करायचं नाही. हे काम जमेल असं दुसरं माणूस मला आठवत नाही.

ता. ता. क. मंगळवारपासून तुमचा टॅब्लेट वाजतोय तो त्यासाठीच. ‘होय’वर बोट ठेवा. रविवारच्या आत.

ता. ता. ता. क. शनिवारी सकाळी निघतेय. ठिपका खाली धावत सुटला तर तो डीकन. तळ्याकाठी थांबला, तर मी बसले आहे. बसू द्या.