नव्या मशीनला लावलेला गुलाल

मंगळवार पेठ, कोल्हापूर
चैत्र वद्य नवमी

तीर्थरूप त्र्यंबकदाजी यांच्या चरणी, नखांतला गुलाल अजून निघालेला नसताना, मेहुणा केरबाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जोतिबाच्या पायऱ्या तुम्ही ज्या जोमानं उतरलात तो जोम देवाचा होता, गुडघा मात्र तुमचाच होता, असं आक्का एसटीत बसताना म्हणाली होती. तिला नमस्कार सांगा. यंदा काजू कसा आहे? (हे मी सहज विचारतो आहे. काजूची खोली भरली की अजून रिकामी आहे, एवढं कळलं तरी पुरे.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे परवापासून आहे. त्याआधीचे चार दिवस कसे गेले ते सांगायला हे पत्र. कागदावर मधूनमधून डाग दिसतील, ती तांबडी शाई नव्हे. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात, त्यामुळे आधीच खुलासा केलेला बरा.

तर शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी आंघोळ उरकून, अंबाबाईचं दर्शन घेऊन, थेट टॉकीजच्या केबिनमध्ये गेलो. खिशात यात्रेहून परतताना तुम्ही दिलेली गुलालाची पुडी होती. "नवं मशीन येतंय म्हणतोस, तर त्याला देवाचा गुलाल लाव," हे शब्द तुमचे. (दोष देत नाही. शब्द कोणाचे होते एवढंच लिहून ठेवतो.) त्या दिवशी बाराच्या खेळाला आमच्याकडे पहिल्यांदाच रिळाशिवाय पिक्चर लागणार होता. एकोणतीस वर्षं मी रिळं फिरवली. एसटीच्या टपावरून डबे यायचे, ते उचलून वर न्यायचे, रीळ चढवायचं, पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की शेजारच्या मशीनवरचं पुढचं रीळ सुरू करायचं, फिल्म तुटली की खरवडून चिकटवायची, संपली की उलटी गुंडाळायची. (एकदा सातवं रीळ सहाव्याच्या आधी लागलं. हिरो आधी तुरुंगातून सुटला आणि मग पकडला गेला. कोणी तक्रार केली नाही. पोलिसांचं असंच असतंय, असं एकजण बाहेर पडताना म्हणाला.) आता मालकांनी गच्चीवर छत्री बसवली आहे. पिक्चर आकाशातून उतरतो आणि गुपचूप एका पेटीत जाऊन बसतो. मला हे पटत नव्हतं, पण देवाधर्माच्या माणसाला आकाशातून काही उतरण्यावर हरकत घेता येत नाही.

आधी मी जुन्या मशीनची पूजा केली, म्हणजे त्याला वाईट वाटू नये. दोन होती, त्यातलं एक तीन वर्षांपूर्वी मोडीत गेलं, आता हे एकटंच आहे. मग नव्याकडे वळलो, तर गुलाल लावायला जागा सापडेना. जुन्या मशीनला कपाळ आहे, पोट आहे, दोन हात आहेत. हे नुसतं गुळगुळीत खोकं. एका बाजूला जाळी, जाळीच्या आत पंखा, तो रात्रभर चालू ठेवलेला. मी चिमूटभर गुलाल तळहातावर घेतला, जाळीसमोर धरला आणि डोळे मिटले. उघडले तर तळहात मोकळा. दाजी, मशीननं गुलाल आपणहून घेतला होता. माझ्या अंगावर काटा आला. जुन्या मशीनची मी एकोणतीस वर्षं पूजा केली, त्यानं एकदाही असं काही केलं नव्हतं.

बारा वाजता पिक्चर सुरू झाला आणि खरं सांगतो, मी चकित झालो. आपल्या प्रिंटवर बारा महिने उभ्या रेघांचा पाऊस पडत असतो, मग पिक्चर राजस्थानातला असला तरी. इथं एक रेघ नाही. बंद देवघरात ज्योत उभी राहते तसं चित्र उभं होतं, जराही हलत नव्हतं. मी त्या मशीनवर महिनाभर रुसून होतो आणि ते मला आवडलं. (हे आक्काला सांगू नका. मी रुसलो की ती माझ्या बाजूनं बोलते, तिची मेहनत फुकट जाईल.) मला काही कामच उरलं नव्हतं. तरी अठरा मिनिटं झाली की पाय आपोआप उठून जुन्या मशीनपाशी जायचे, तिथं जरा उभे राहायचे आणि परत यायचे.

असाच तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा हिरोचा पांढरा सदरा गुलाबी झाला होता. मला वाटलं गाणं सुरू होतंय. पण मग डॉक्टर गुलाबी झाला, दवाखान्याच्या भिंती झाल्या, प्याल्यातलं दूध झालं. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या धोंडुबाई जिना चढून वर आल्या. "केरबादादा, काय घोळ घातलाईस? म्हातारीचं पांढरं लुगडं गुलाबी दिसाय लागलंय. पोलिस तर समदे जत्रंतनं आल्यागत दिसत्यात." तेवढ्यात खालून पुढच्या रांगेतल्या कोणीतरी "जोतिबाच्या नावानं" असं मोठ्यानं म्हटलं आणि सगळं थिएटर "चांगभलं" म्हणालं. माझ्याही तोंडून सवयीनं निघालं. निघाल्यावर मात्र सकाळचा मोकळा तळहात आठवला.

संध्याकाळी मालक सम्राटराव मशीनच्या कंपनीवर असे तापले की काही विचारू नका. त्यांच्या वडिलांना, आबांना, हे आकाशातलं काम कधी मान्य नव्हतं. आबा गेल्यावर यांनी हट्टानं मशीन आणलं, आणि पहिल्याच खेळाला असं झालं. "आबांचंच खरं हुतं," म्हणाले. "सोमवारी ही पेटी परत. काका, तुमचं जुनं मशीन पुसून घ्या, मी प्रिंट मागवतो." दाजी, मी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. गप्प बसण्यापलीकडे मला काही करायचंच नव्हतं. कंपनीचं सील तोडायला त्यांच्या पुण्याच्या ऑफिसची परवानगी लागते, ती मिळत नव्हती. पेटी बंदच्या बंद परत जाणार होती आणि आतला गुलाल कोणाला दिसणार नव्हता.

शनिवार-रविवार गोदामातली एक जुनी प्रिंट लावली. मशीनचा खडखड आवाज, गरम तेलाचा वास, कोपऱ्यातला ठिपका, सगळं परत आलं. प्रेक्षक सतरा आले, त्यातले चार झोपायला. पण केबिनच्या कोपऱ्यात शिवपुत्र बसलेले असायचे. हे कंपनीचे इंजिनीअर, संकेश्वरकडचे, चाळिशी ओलांडलेले गृहस्थ. दर तासाला त्यांना पुण्याहून फोन यायचा आणि ते उभं राहून "सर, माझी चूक न्हाई सर" म्हणायचे. मशीन परत गेलं की नोकरीही गेली, हे त्यांनी मला अगदी शांतपणे सांगितलं. त्यांची मुलगी सौंदर्या यंदा दहावीला जाते. हे सांगताना डब्यातली निम्मी भाकरी आणि शेंगाची चटणी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी खाल्ली. (चटणी उत्तम होती. त्यामुळे जास्तच त्रास झाला.)

सोमवारी सकाळी मी गच्चीवर गेलो. हवा स्वच्छ होती, लांब जोतिबाचा डोंगर दिसत होता. छत्रीचं तोंड आकाशाकडे, माझं डोंगराकडे. नवसानं झालो म्हणून आईनं त्या देवाचंच केरबा हे नाव मला दिलं. आजवर त्याच्याकडे पुष्कळ मागितलं, आणि त्यानं द्यायचं तेवढं दिलं. जुनं मशीन राहू दे, हेही महिनाभर मागत होतो, आणि ते मिळालंही होतं. पण हे दिलं त्यानं नव्हतं, मीच घेतलं होतं. गुलाल देवाचा, गप्प बसणं माझं. शिवपुत्रांची भाकरी तर दोघांच्याही हिशेबाबाहेरची.

खाली गेलो. शिवपुत्र पेटीला दोरी बांधत होते, सम्राटराव शेजारी उभे होते. मी सगळं सांगितलं. शिवपुत्रांनी बांधलेली गाठ सोडायला घेतली. मग सम्राटरावांनी विचारलं, "काका, किती टाकलासा?" मी म्हणालो, चिमूटभर. त्यांनी स्वतःच पुण्याला फोन लावून परवानगी मिळवली. झाकण निघालं आणि आतून यात्राच बाहेर पडली. जाळी गुलाबी, काच गुलाबी, पंख्याची पाती गुलाबी. पण दाजी, झाकणाच्या आतल्या बाजूला भस्माची तीन बोटं ओढलेली होती. मी शिवपुत्रांकडे बघितलं. ते जरा लाजले. "केरबाण्णा, मीबी लावतो की हो, प्रत्येक मशीनला. पण पाण्यात कालवून. कोरडं देवाला चालतंय, फॅनला चालत न्हाई."

तीन तास आम्ही दोघांनी मिळून ब्रशनं गुलाल झाडला, माझी नखं त्याचीच साक्ष देतात. मंगळवारी बाराच्या खेळाला दूध पांढरं होतं. शिवपुत्रांची नोकरी राहिली, माझीही राहिली. (बटण दाबायलाही कोणीतरी लागतं, आणि सम्राटराव म्हणाले, खोटं न बोलणारा असलेला बरा.) जुनं मशीन मात्र शुक्रवारी भंगारात जाणार, असं त्यांनी त्याच दमात सांगितलं. गुडघ्याला तिळाचं तेल चोळत जा.

आपला आज्ञेतला,
केरबा

ता. क. चिमूटभर असं वर दोनदा लिहिलं आहे. अख्खी पुडी होती. मालकांनाही हे नंतर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, झाकण उघडलं तेव्हाच कळलं होतं.

ता. क. २. काजूची खोली रिकामी असेल तर उत्तम, नसेल तर कृपया आजच करावी. जुनं मशीन मी मालकांकडून मागून घेतलं. आमच्या दीड खोलीत ते मावत नाही, आणि भंगारवाल्याच्या हातात द्यायला माझा हात होत नव्हता. आज पहाटे काजू उतरवून तुमच्याकडे चंदगडला रिकामा परतणारा टेम्पो मिळाला, त्यात आक्का विसरून गेलेल्या गोधडीत गुंडाळून ते रवाना केलं आहे. पत्र पोहोचेल त्याच्या आधी ते पोहोचलेलं असेल. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्हाला नको म्हणता आलं असतं. चार माणसं लावून उतरवून घ्या, तुम्ही स्वतः हात लावू नका. तिकडचा पाऊस सुरू होण्याआधी शिलाई मशीनचं तेल चाकांना घाला. आणि दसऱ्याला गुलाल वाहायचा झाला तर खुशाल कोरडा वाहा. त्याला चालतो.