दुखायचं थांबलं

४ जून

आलो एकदाचा! डॉक्टर म्हणून पहिलीच नोकरी. कारखान्याचा दवाखाना छोटा, पण नेटका. खाली ऑपरेशन थिएटर, वर माझी खोली: मोठी खिडकी, नवी कोरी गादी, नळाला भरपूर पाणी. मजा आहे. फक्त इथले एकुलते एक सर्जन पाहून हसू आवरेना. म्हाताऱ्याच्या हातात कपबशी अशी वाजते की मी मनातल्या मनात बारसंच उरकलं: खुळखुळा.

७ जून

पोटदुखीचा पेशंट आला की खुळखुळा खुर्ची ओढून गप्पा ठोकत बसतो. दुखणं सुरू कुठे झालं, सरकलं कुठे, जेवण जातंय का. मग उजवीकडे खाली हळूच दाबतो आणि पटकन सोडतो. सोडताना माणूस जास्त कळवळला की म्हणे अपेंडिक्स. मी सोनोग्राफी सुचवली, तर म्हणतो मशीन बंद पडलंय, पेशंटचं तोंड नाही. सगळे फिदीफिदी हसले. अडाण्यांचा बाजार नुसता.

१० जून

सकाळपासून बेंबीभोवती दुखतंय. खानावळीची कृपा, दुसरं काय! अन्न बघवत नाही. एकदा उलटी. दुपारी कळ उजवीकडे खाली उतरली. सिस्टरने चुगली केली असणार, कारण खुळखुळा वर हजर. दाबलं, सोडलं. मी गुरासारखा ओरडलो. म्हणाला, "बाळा, अपेंडिक्स आहे. आजच काढू."

मी तोंडावर सांगितलं, या हातांखाली मी झोपणार नाही. उद्या मेहुणा गाडी घेऊन येतोय, शहरातला खरा सर्जन बघेल. निदान सलाईनमधून अँटिबायोटिक तरी घे म्हणून मागे लागला. हाकलला.

११ जून, सकाळ

ताप. उजवा पाय सरळ होत नाही. खोकलं तरी जीव जातो. मेहुणा निघालाय.

दुपार

थांबलं! एकाएकी, बटण दाबल्यासारखं. म्हणजे गॅसच. मेहुण्याला अर्ध्या वाटेतून परत पाठवला. खाली निरोप धाडला, तुमचं अपेंडिक्स पळून गेलं, शोधा. आता मस्त ताणून देतो.

संध्याकाळ

थंडी भरलीय. नाडी नुसती धावतेय. पोट — फळीसारखं. आता एका जागी नाही, सगळीकडे —

एकाएकी का थांबतं? परीक्षेत लिहिलं होतं मी. पूर्ण मार्क. ते बरं झालं नव्हतं. आत फुटलं होतं.

खाली फोन केला. "सर" म्हणालो. पोट फळी झालंय, सांगितलं. सर म्हणाले, पाण्याचा घोटही घेऊ नकोस, हलू नकोस, आलोच. एवढंच. टोमणा नाही. टोमणा मारला असता तर —

जिन्यात पावलं. स्ट्रेचर भिंतीला घासतंय. आले.

दार ढकलताहेत. उघडत नाही. सर हाका मारताहेत, "बाळा, कडी काढ."

कडी आतून. झोपमोड नको म्हणून मीच — आवाज बाहेर जात नाही माझा. दार चार पावलांवर. पाय खाली टेकवला आणि