मडकं धुतल्याची हकीकत

लोणावळा, १२ मे १९६७

तीर्थरूप सावित्रामावशीस गोरखचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल, म्हणजे मी सोडून. कुरवंड्याला तुमचा गुडघा कसा आहे?

मावशी, तुम्हाला ठाऊकच आहे, मी दवाखान्यात कंपाउंडर. (औषधाच्या बाटल्या भरणारा म्हटलं तरी चालेल.) तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरसाहेबांनी सूक्ष्मदर्शकातून डबक्याचं पाणी दाखवलं आणि माझी झोप उडाली. थेंबभर पाण्यात अख्खी जत्रा वळवळत होती! घरी येऊन बघतो तर शकू तुमच्या मडक्यात आंबिलीसाठी नाचणीचं पीठ कालवतेय, आणि तळाशी जुनं आंबवण तसंच. तीस वर्षं ते मडकं तुम्ही पुरतं रिकामं होऊ दिलं नाहीत, लग्नात मायेने शकूला दिलंत, आणि मी (आता लाज वाटते) ते विहिरीत टाकायच्या जांभळ्या औषधाने तीनदा धुतलं. घरात दही, ताक बंद केलं. मी तर उकळलेलं पाणी आणि बिस्किटं यांवर राहू लागलो.

तेव्हापासून मला सर्दी सोडेना. मग डॉक्टरांना न विचारता जंतू मारायच्या कॅप्सूल आठवडाभर घेतल्या. सर्दी राहिली ती राहिलीच, वर पोट असं बिघडलं की रोग्याची बाटली अर्धी भरून पळावं लागे. वजन सात पौंड उतरलं. खरं सांगतो, मी घाबरलो. शेवटी डॉक्टरांपुढे सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "गोरख, पोटातले चांगले जंतू अंगाला आजाराशी झगडायला शिकवतात. तू मास्तरच मारलेस. आता भाकरी खा आणि आंबील पी."

शकूने नवी आंबील घातली, पण तिला ती चव नाही. तुमचं तीस वर्षांचं आंबवण मी घालवलं, याचं फार वाईट वाटतं.

आपला,
गोरख

ता. क. तुमच्याकडचं वाटीभर आंबवण बाटलीतून पाठवावं. वर 'औषध' असं लिहावं. डॉक्टर काय म्हणाले ते शकूला कळू नये, जन्मभर ऐकवील.

ता. क. मावशी, मी शकू. पत्र टपालात टाकायला माज्याकडंच दिलं, अन् पाकीट धड चिकटलं नव्हतं. मडकं धुयाच्या आदीच म्या वाटीभर आंबवण बरणीत काढलं व्हतं. मी अन् पोरं रोज त्याचीच आंबील पितो, आमाला साधी शिंकबी न्हाई. यांनला मातूर नव्या पिठाची देत व्हते, मुद्दाम. आता लय वाळलेत, आजपासून बरणीतली देते. तुमी काय पाठवू नका. फकस्त कळवा, की मडकं धुणाऱ्याला आंबवण देत न्हाई.