साहेबाचं आडनाव, गोत्र काश्यप

गुरुजी, इंग्रजीला तुम्ही ‘पोटापुरती भाषा’ म्हणायचात. तरी तो म्हातारा इंग्रज उज्जैनला माधव नगरात तुमच्या ओसरीवर येऊन बसला, तेव्हा दुभाषी म्हणून मलाच बोलावणं आलं. तुमच्याकडे संस्कृत शिकणाऱ्यांत इंग्रजी बोलता येणारी मी एकटीच. बाजारात नुकतेच परदेशी कोला आले होते. तुम्ही त्याला वाळ्याचं सरबत दिलंत आणि मला बजावलंत, “हे आधीपासून इथे मिळतं, सांग त्याला.”

त्याचं आडनाव आपण कधी ऐकलेलं नव्हतं. त्याच्या देशातही फारसं कोणी ऐकलेलं नाही, असं तोच म्हणाला. मूळचं ते ओढ्याकाठच्या एका खेड्याचं नाव. मेंढ्यांच्या कुरणासाठी खेडं उठवलं, माणसं पांगली, आणि जिथे गेली तिथे लोक त्यांना त्या खेड्याच्याच नावाने ओळखू लागले. तुम्ही खूष. “म्हणजे आपल्या ‘कर’ मंडळींसारखंच की! आपण तरी आपलं गाव कुठे पाहिलंय?” आता तिकडच्या टेलिफोन डिरेक्टरीत त्या नावाची बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलेली, तीही म्हाताऱ्यांची. याला मूलबाळ नाही. आजोबांचा भाऊ रेल्वेच्या नोकरीत उज्जैनला राहून गेलेला. त्याचा वंश सापडला तर नाव टिकेल, एवढ्या आशेवर तो आला होता.

मग तुम्ही उज्जैनचा माणूसच करील ते केलंत. साहेबाला टेम्पोत घालून रामघाटावर नेलंत, पंड्याकडे, यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या बघायला. पंडा वही उघडून विचारतोय, “गाँव? गोत्र?” मी कुजबुजते, “गुरुजी, ख्रिस्ती माणसाला कसलं गोत्र?”

“ज्याला ठाऊक नाही त्याचं काश्यप. इतकी वर्षं काय शिकलीस? नाव पुसलं जाऊ नये म्हणून आलाय तो, आणि तू शंका काढतेस! पंडितजी, काश्यप लिखो.”

तासभर पानं उलटली. सापडणार कुठून! “नहीं है तो अब लिख लो,” तुम्ही म्हणालात. साहेबाने नाव लिहिलं, नसलेल्या गावाचं नाव लिहिलं, सही केली. मग मला विचारलं, हे पान कधी कोणी उघडेल का?

पंडा म्हणाला, “कौन आएगा, साब? आगे वंश हो तो कोई आए.”

मी इंग्रजीत सांगितलं, “येईल म्हणतायत. कोणी ना कोणी येतंच.” तो हसला आणि त्याने सगळ्यांना हात जोडले, मलासुद्धा.

परतताना तुम्ही टावर चौकात मला कचोरी खाऊ घातलीत. बाहेरच्या खाण्यावर जन्मभर प्रवचनं देणारे तुम्ही! कशाबद्दल, म्हणून विचारलं तर म्हणालात, “अनुवाद बरा केलास,” आणि रिक्षा शोधायला वळलात. म्हणजे तुम्हाला सगळं समजलं होतं. एका ऱ्हस्व-दीर्घासाठी मला अख्खा पाठ पुन्हा म्हणायला लावणारे तुम्ही, एवढी मोठी चूक सोडून दिलीत. तुमच्या सगळ्या शिकवणीत मला ती सूटच जास्त पुरली आहे.

मागच्या आठवड्यात घाटावर गेले. पंड्याच्या नातवाने पान काढून दिलं. सहीखाली कोणाचीच नोंद नाही. “आप इनकी कौन?” त्याने मला नखशिखांत न्याहाळत विचारलं.

“भतीजी,” मी म्हणाले.

हेही खोटंच, गुरुजी. पण पहिलं खोटं खरं करायला घाटापासून रिक्षाच्या अंतरावर राहून मला इतकी वर्षं लागली, याची जास्त लाज वाटते. तुमच्या समोर बसून हे बोलता आलं नसतं. तुम्ही गेलात तिथे टपालाची सोय नाही ते बरंच आहे.